बाळाच्या मेंदूसाठी कोणतं स्निग्ध, कधी आणि कशातून: पहिलटकरीण आणि तिच्या घरच्यांसाठी

घरात पाळणा हलणार असं कळलं की खाण्यापिण्याचे सल्ले सुरू होतात आणि त्यातले निम्मे तुपाबद्दल असतात. तूप खा, बाळंतपण सोपं जाईल. तूप खा, बाळाचं डोकं चालेल. तुपाशी माझं वैर नाही. पण मेंदूचा विषय निघाला की स्निग्ध किती खाल्लं यापेक्षा कोणतं खाल्लं हे जास्त महत्त्वाचं ठरतं, आणि नेमकं तेच घरात कुणी विचारत नाही. मेंदूतलं पाणी बाजूला काढलं तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यातला बराचसा भाग शरीर स्वतः तयार करतं. काही भाग मात्र आईच्या ताटातूनच यावा लागतो. तो ओळखायचा कसा आणि रोजच्या स्वयंपाकात बसवायचा कसा, ते पायरी-पायरीने पाहू.

पहिली पायरी: चार नावं ओळखीची करून घ्या

१९२९-३० साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्ध अजिबात नसलेला आहार दिला. बाकी सगळं पोषण होतं, तरी उंदरांची वाढ खुंटली आणि कातडीला खवले आले. आहारात थोडंसं लिनोलेइक आम्ल घालताच ते बरे झाले. तोवर स्निग्ध म्हणजे नुसती ऊर्जा अशी समजूत होती. काही मेदाम्लं, म्हणजे स्निग्धाचे मूळ घटक, शरीराला बनवताच येत नाहीत, ती खावीच लागतात, हे तेव्हा कळलं.

अशी मूळ मेदाम्लं दोन आहेत. एक लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६ घराण्यातलं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक, थोडक्यात एएलए, म्हणजे ओमेगा-३ घराण्यातलं. दोन्ही वनस्पतींच्या तेलांतून मिळतात. पण मेंदूला ही दोन्ही थेट फारशी लागत नाहीत. त्याला लागतात त्यांच्यापासून बनणारी लांब साखळीची मेदाम्लं: लिनोलेइकपासून अरॅकिडॉनिक आम्ल (एआरए) आणि एएलएपासून डीएचए. मेंदूच्या आणि डोळ्यांच्या पडद्याच्या पेशींत डीएचए भरपूर असतं.

आता यातली मेख. ही दोन्ही रूपांतरं एकच विकरं, म्हणजे एन्झाइमं, करतात. गिरणी एक आणि दळण दोघांचं. ओमेगा-६ ची रांग फार लांब असेल तर ओमेगा-३ ला पाळी मिळत नाही. तिसऱ्या पायरीत आपण तेलाकडे वळू ते याच कारणाने.

ही मेदाम्लं पुढे काय होतात

ही पायरी नाही. पण हे समजलं की पुढचे सल्ले पाठ करावे लागत नाहीत.

एआरए आणि डीएचए पेशीच्या आवरणात जाऊन बसतात आणि आवरण लवचीक ठेवतात. एवढ्यावर त्यांचं काम संपत नाही. गरज पडली की पेशी त्यांना आवरणातून मोकळं करते आणि त्यांच्यापासून छोटे, थोडा वेळ टिकणारे, निरोप पोचवणारे रेणू तयार करते. एआरएपासून प्रोस्टाग्लँडिनं बनतात. प्रसूतीच्या कळा सुरू होण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. एआरएपासूनच अ‍ॅनंडामाइड नावाचा रेणू बनतो. तो १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. गर्भाच्या मेंदूत चेतापेशींचे तंतू कोणत्या दिशेने वाढायचे, कुणाशी जोडले जायचे, हे ठरवण्यात हा रेणू आणि त्याचे भाईबंद भाग घेतात. भांग-गांजातला अमली घटक याच रेणूच्या जागा बळकावतो. म्हणून महाशिवरात्रीला किंवा होळीला “घोटभर थंडाई, प्रसाद आहे” असा आग्रह झाला तरी गर्भवतीने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने भांग घेऊ नये. इथे भिडस्तपणा करू नका.

डीएचएपासून सिनॅप्टामाइड बनतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत त्याने तंतूंची वाढ आणि पेशींमधल्या जोडण्या वाढलेल्या दिसल्या आहेत. डीएचएपासूनच न्यूरोप्रोटेक्टिन आणि रिझॉल्व्हिन हे रेणूही तयार होतात. दाह वेळेत शमवणं आणि ताणाखालच्या पेशींना सावरणं ही त्यांची कामं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. “ओमेगा-६ वाईट, ओमेगा-३ चांगलं” असं जे सरसकट सांगितलं जातं ते बरोबर नाही. बाळाला दोन्ही लागतात. आपल्या घरांत फक्त पहिलं गरजेपेक्षा खूप जास्त आणि दुसरं फार कमी पोचतं.

दुसरी पायरी: वेळ ओळखा, आणि बी-१२ तपासून घ्या

गर्भाच्या मेंदूत डीएचए साठण्याचा वेग शेवटच्या तिमाहीत सगळ्यात जास्त असतो, आणि जन्मानंतर साधारण दोन वर्षं ही भर चालू राहते. जन्मावेळी मेंदूचं वजन ३५० ते ४०० ग्रॅम असतं. पहिल्या वाढदिवसापर्यंत ते दुपटीच्या पुढे गेलेलं असतं. सातवा महिना लागल्यावर जागं होण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या महिन्यापासून आहार बसवायला घ्या, कारण आईच्या शरीरात साठा व्हायला वेळ लागतो.

डीएचए रक्तात आलं म्हणजे मेंदूत पोचलं असं होत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो. २०१४ साली सिंगापूरमधल्या संशोधकांनी दाखवलं की एमएफएसडी-२ए नावाचं प्रथिन डीएचएला या पहाऱ्यातून आत नेतं, आणि तेही लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन या फॉस्फरसयुक्त मेदाला जोडलेलं असेल तरच. या प्रथिनाच्या जनुकात गंभीर दोष असलेल्या मुलांची डोकी लहान राहतात, हे पुढच्याच वर्षी समोर आलं.

आपल्यासाठी कामाची गोष्ट यात दडलेली आहे. डीएचएची ही ने-आण करणारे मेद बनवायला यकृताला कोलीन लागतं, आणि ते शरीरात तयार करताना फोलेट व बी-१२ यांची गरज पडते. पुण्याच्या भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांच्या गटाने बी-१२, फोलेट आणि ओमेगा-३ यांच्या याच नात्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. आणि पुण्याजवळच्या खेड्यांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ज्या गर्भवतींना तपासलं त्यांच्यापैकी जवळपास दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं होतं. म्हणून ओमेगा-३ ची महाग बाटली विकत घेण्याआधी डॉक्टरांना बी-१२ च्या तपासणीबद्दल विचारा. शाकाहारी घरात तर नक्कीच विचारा. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सगळ्यांना मिळतात, बी-१२ मात्र राहून जातं. अंडं चालत असेल तर रोज एक खा. एका मोठ्या अंड्याच्या बलकात १४० मिलिग्रॅमच्या आसपास कोलीन असतं, सोबत एआरए आणि थोडं डीएचएही.

तिसरी पायरी: तेलाच्या पिशवीमागचं वाचा

आज स्वयंपाकघरात जा आणि तेल कोणतं आहे ते पाहा. सूर्यफूल आणि पारंपरिक करडई ही तेलं जवळजवळ पूर्णपणे ओमेगा-६ च्या बाजूची. त्यात एएलए नाहीच म्हटलं तरी चालेल. शेंगदाणा तेलात ओमेगा-६ त्यांच्यापेक्षा बरंच कमी, पण एएलए तिथेही नाही. सोयाबीन तेलात ओमेगा-६ भरपूर असलं तरी सुमारे ७ टक्के एएलए असतं. मोहरीच्या तेलात ते १० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडे त्याचा वास सगळ्यांना झेपत नाही, पण पालेभाजीच्या फोडणीला किंवा लोणच्यात चालून जातं.

पुण्याशी जोडलेला एक निष्कर्ष इथे सांगायलाच हवा. २०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातल्या मुख्यतः शाकाहारी लोकांचे जनुकीय नमुने तपासले. लांब साखळीची मेदाम्लं बनवणाऱ्या विकरांचं काम वाढवणारा एक जनुकीय प्रकार त्यांच्यातल्या सुमारे ६८ टक्के लोकांत दोन्ही प्रतींत होता. अमेरिकन गटात हे प्रमाण १८ टक्के होतं. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारावर जगलेल्या समाजाला असा प्रकार उपयोगी पडला असणार. पण आज अशा माणसाच्या आहारात सूर्यफुलासारखं तेल भरभरून गेलं तर तीच कार्यक्षमता ओमेगा-६ च्या बाजूला राबते आणि दाह वाढवणारे रेणू जास्त तयार होतात, अशी शंका त्या संशोधकांनी मांडली. मला हा धोका खरा वाटतो, कारण गेल्या दोन पिढ्यांत आपल्या घरातलं घाण्याचं शेंगदाणा तेल जाऊन त्या जागी शुद्ध केलेलं सूर्यफूल तेल सर्रास आलेलं आहे.

तेव्हा एवढं करा. एकाच तेलावर राहू नका. रोजच्या भाजी-आमटीला घाण्याचं शेंगदाणा तेल आणि सोयाबीन किंवा मोहरी आलटून-पालटून वापरा. सूर्यफूल आणि करडई क्वचित. एकूण तेल वाढवू नका, फक्त बदला. वनस्पती तूप आणि त्यात केलेले खारी-नानकटाईसारखे पदार्थ गर्भारपणात टाळलेलेच बरे. वनस्पती तुपातल्या घातक ट्रान्स मेदावर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे हे खरं, पण सुट्या मालाच्या पिशवीवर काहीच लिहिलेलं नसतं.

चौथी पायरी: मासे खात असाल तर

तुमचं काम सोपं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ गटाने गर्भवती आणि स्तनदा मातेसाठी दिवसाला किमान ३०० मिलिग्रॅम डीएचए व ईपीए मिळून, आणि त्यात किमान २०० मिलिग्रॅम डीएचए, एवढी शिफारस केली आहे. ईपीए हेही माशांत मिळणारं ओमेगा-३ मेदाम्ल. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाल्ली की ही गरज बहुतेक भागते.

पापलेट आणि सुरमईला मान आहे, पाहुण्यांसमोर तेच येतात. पण या कामासाठी बांगडा, तारली आणि मालवणकडचे पेडवे सरस आहेत. स्वस्त आहेत, तेलकट आहेत आणि लहान असल्यामुळे त्यांच्यात पारा फारसा साठत नाही. मोठे, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे गर्भारपणात नकोत, कारण त्यांच्या अंगात पारा साठत जातो आणि तो गर्भाच्या मेंदूलाच बाधतो. मोरी, म्हणजे मुशी, पूर्ण टाळा. आपल्याकडे बाळंतिणीला दूध येण्यासाठी मुद्दाम मोरी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. प्रेमाने दिलेली असते, पण ती थांबवायला हवी. मोठ्या सुरमईचे तुकडे महिन्यातून एखाद वेळी, त्याहून जास्त नकोत.

बांगडा घेताना ताजेपणाकडे नीट बघा. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोट दाबलं की मांस परत वर यायला हवं. बर्फाशिवाय उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टॅमीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं असा त्रास होतो. तिरफळं घातलेलं कालवण किंवा हुमण करा. रवा लावून तेलात तळलेला तुकडा कधीतरी ठीक, पण त्यात माशाचं स्निग्ध बाहेर जातं आणि कढईतलं तेल आत येतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावण येतो. शेवटची तिमाही याच काळात पडत असेल तर आधीच विचार करून ठेवा. अंडी चालत असतील तर ती वाढवा, नाहीतर पुढची पायरी तुमच्यासाठी. सुका बांगडा पर्याय वाटतो, पण त्यात मीठ इतकं असतं की रक्तदाब वाढलेला असताना तो नकोच.

पाचवी पायरी: शाकाहारी असाल तर

जवस. काही ठिकाणी अळशी म्हणतात. एक मोठा चमचा जवसाच्या कुटात सुमारे दीड ग्रॅम एएलए असतं, म्हणजे गर्भवतीची एएलएची दिवसाची गरज तेवढ्यात भागते. अख्खे जवस खाऊ नका, ते जसेच्या तसे बाहेर पडतात. मंद आचेवर हलके भाजा, गार झाल्यावर लसूण, जिरं, तिखट-मीठ घालून कुटा आणि आठवडाभर पुरेल एवढीच चटणी करा. कुटलेले जवस लवकर खवट होतात, म्हणून बरणी फ्रिजमध्ये. खवट वास आला की टाकून द्या. भाकरीवर चटणी घ्या आणि वर शेंगदाण्याचं कच्चं तेल किंवा दही. दिवसाला एक ते दोन चमचे पुरे, जास्त नको. मूठभर अक्रोड हा दुसरा मार्ग, जरा खर्चिक.

पण इथे खरं सांगायला हवं. एएलएपासून डीएचए फार कमी बनतं. बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेनमुळे ते पुरुषांपेक्षा बरं बनतं, तरीही गर्भारपणाची गरज नुसत्या जवसावर भागेलच असं धरून चालता येत नाही. म्हणून मासे-अंडी काहीच न खाणाऱ्या आईने डॉक्टरांशी बोलून शेवाळापासून केलेलं डीएचए, दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅम, घेणं मला योग्य वाटतं. माशांकडे डीएचए येतं तेही मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांतून. शाकाहारी आईला त्याच मुळापाशी थेट जाता येतं.

सहावी पायरी: कॅप्सूल घेताना

बाटलीच्या दर्शनी भागावर “१००० मिलिग्रॅम” असं मोठ्या अक्षरात असतं. तो आकडा तेलाच्या वजनाचा असतो. मागे बारीक अक्षरात पाहा. माशाच्या तेलाच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम एवढंच असतं. तुम्हाला डीएचएचा आकडा हवा आहे. शाकाहारी असाल तर हिरवी खूणही तपासा, कारण आतलं तेल शेवाळाचं असलं तरी बाहेरचं आवरण प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनचं असू शकतं. कॉड माशाच्या यकृताचं तेल घेऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि गर्भारपणात त्याचा अतिरेक घातक असतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कोणतीही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि अपेक्षा काय ठेवायची? जाहिरातीत चष्मा लावलेलं हुशार बाळ असतं. पुरावा वेगळं सांगतो. ऑस्ट्रेलियात सुमारे २४०० गर्भवतींवर झालेल्या चाचणीत निम्म्या जणींना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए दिलं. दीड वर्षांच्या वयात त्यांच्या मुलांच्या बौद्धिक विकासात फरक आढळला नाही, सातव्या वर्षी बुद्ध्यंकातही नाही. आपल्या शेजारी, बेळगावात, गर्भवतींना रोज ४०० मिलिग्रॅम शेवाळजन्य डीएचए देऊन केलेल्या चाचणीतही वर्षाच्या बाळांच्या विकासाच्या मोजमापात दोन गटांत फरक दिसला नाही.

मग घ्यायचं कशाला? कारण दुसरीकडे फायदा दिसतो. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१८ च्या आढाव्यात ७० चाचण्या एकत्र तपासल्या. ओमेगा-३ घेणाऱ्यांत ३७ आठवड्यांआधीची प्रसूती सुमारे ११ टक्क्यांनी आणि ३४ आठवड्यांआधीची सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होती. कळा सुरू करणारी प्रोस्टाग्लँडिनं एआरएपासून बनतात हे वर आलंच आहे. ओमेगा-३ त्यांचा जोर आवरतं, असं मानलं जातं. त्याच आढाव्यात काही जणींचे दिवस उलटून जाण्याचं प्रमाण किंचित वाढलेलंही दिसलं, तेव्हा कॅप्सूल चालू असल्याचं शेवटच्या महिन्यात डॉक्टरांना सांगून ठेवा. मेंदूची भर पडण्याचे शेवटचे आठवडे बाळाला पोटातच मिळणं ही मला मोठी गोष्ट वाटते. पण कॅप्सूलने मूल हुशार होतं म्हणून कर्ज काढून ती आणू नका, आणि आणली नाही म्हणून मनाला लावूनही घेऊ नका.

सातवी पायरी: बाळंतपणानंतर

आईच्या दुधातली निम्मी ऊर्जा स्निग्धातून येते. त्यातलं एआरएचं प्रमाण आईने काहीही खाल्लं तरी फारसं हलत नाही, डीएचएचं मात्र तिच्या ताटाप्रमाणे कमी-जास्त होतं. जगभरच्या नमुन्यांची सरासरी काढली तर दुधातल्या एकूण मेदाम्लांपैकी ०.३ टक्क्यांच्या आसपास डीएचए भरतं. म्हणून बाळंतिणीला महिना-दीड महिना नुसत्या तूप-भातावर ठेवणं आणि मासे “बाधतात” म्हणून बंद करणं, हे मला पटत नाही. बांगडा-तारली चालू ठेवा, शेवाळाची कॅप्सूल असेल तर तीही.

आपल्या परंपरेतली एक गोष्ट मात्र अगदी योग्य जागी बसलेली आहे: हळिवाचे लाडू. नारळाच्या पाण्यात भिजवलेले हळीव, ओलं खोबरं, गूळ. हळिवाच्या तेलात सुमारे एक-तृतीयांश एएलए असतं, शिवाय लोहही मिळतं. डिंकाचे लाडू करा, पण हळिवाचे आधी करा. गर्भारपणात मात्र हळीव देत नाहीत, ती रीतही पाळा.

बाळ फार लवकर जन्मलं असेल तर शेवटच्या तिमाहीतली भर त्याला मिळालेलीच नसते. २९ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना डीएचए दिल्यावर पाचव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यंक सरासरी साडेतीन गुणांनी जास्त आढळला, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. पण त्याच चाचणीत फुप्फुसांच्या आजारापासून मात्र संरक्षण मिळालं नव्हतं, उलट त्याचा धोका थोडा वाढला असण्याची शक्यता दिसली होती. असं बाळ अतिदक्षता विभागात असेल तर हा प्रश्न तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, स्वतःच्या मनाने थेंब पाजू नका. वरचं दूध द्यावं लागलंच तर डब्यावर डीएचए आणि एआरए दोन्ही लिहिलेली आहेत का ते पाहा.

आठवी पायरी: सहा महिन्यांनंतर

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नंतर वरण-भातावर चमचाभर तूप खुशाल घाला. चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण याच काळात झपाट्याने चढत असतं आणि त्याला संपृक्त (तुपात असतात तसे) मेद आणि कोलेस्टेरॉलही लागतात. ते मेंदू स्वतः तयार करतो, पण त्यासाठी ऊर्जा लागते, आणि बाळाच्या इवल्या पोटात ती मावते स्निग्धामुळेच. पूर्ण शिजवलेल्या अंड्याचा बलक भातात कुस्करा. बांगड्याचे काटे बोटांनी दोनदा चाचपून काढा, मीठ-मसाला न घालता वाफवा आणि मऊ भातात मिसळा. जवसाची वस्त्रगाळ पूड पाव चमचा पेजेत चालते. अक्रोड, शेंगदाणे पेस्ट करूनच, अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. गाईचं-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून वर्षाच्या आत देऊ नका.

दोन वर्षांपर्यंत बाळाच्या ताटातलं स्निग्ध कमी करू नका आणि साय काढलेलं दूध देऊ नका. घरातल्या मोठ्यांना कोलेस्टेरॉलमुळे पथ्य असेल तर ते त्यांच्यापुरतं ठेवा. दोन वर्षांनंतर मूल घरच्याच ताटात जेवू लागतं, फक्त तिखट कमी करायचं. तोवर तेल बदललेलं असेल आणि आठवड्याला बांगडा किंवा रोज जवसाची चटणी पानात येत असेल, तर त्याच्यासाठी वेगळं काही रांधावं लागत नाही.